नाव कमी होतं ती जागा

पहाटे साडेपाच

वसतिगृहाच्या अभ्यासिकेत या वेळी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुली असतात आणि एलएल.एम.ची मी. समोर सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२०चा निकाल आहे, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा. न्या. अरुण मिश्रा, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठाचा. वर्तमानपत्रांतून त्याचं सार सगळ्यांनी वाचलं: वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क आहे, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ला, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असण्याची गरज नाही. प्रबंधाला एवढं पुरत नाही. मी हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६च्या पाचव्या पोटकलमावरचं विवेचन पुन्हा वाचते आहे. २० डिसेंबर २००४पूर्वी झालेली वाटणी अबाधित राहते; पण ती नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. ‘आमची तोंडी वाटणी झाली होती’ हा बचाव न्यायालयाने सहज मानायचा नाही. सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तर अपवाद म्हणून मानायचा.

गावात असा दस्तऐवज म्हटला की पहिल्यांदा पुढे येतो तो फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, आणि माझा विषयच फेरफार आहे. वडील वारल्यावर वारस नोंद होते तेव्हा मुलींची नावं कागदावर येतात का, आली तर कोणत्या रकान्यात, आणि पुढे ती कशी कमी होतात. क्षेत्र एकच तालुका, पुरंदर. व्याप्ती फक्त हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली येणाऱ्या कुटुंबांपुरती. एवढा विषय आखायलाच पहिलं सत्र गेलं. ‘भारतातील स्त्रियांचे मालमत्ता हक्क’ असं काही घेऊन वर्ग गाजवता येतो, प्रबंध पुरा होत नाही.

सातपर्यंत इतिहासाच्या प्रकरणावर काम. लोक हा हक्क २००५पासून मोजतात. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, आणि एकत्र कुटुंबातल्या त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यात, मुलगी १७ जून १९५६पासून, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाल्यापासून, मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस आहे. त्या कायद्यासाठी डॉ. आंबेडकरांनी जे सोसलं, १९५१मध्ये मंत्रिपद सोडण्यापर्यंत, ते आपल्याला पाठ असतं. कायदा झाल्यावर चावडीत त्याचं काय झालं हे कमी लिहिलं गेलंय. राहिला होता तो सहदायादीचा हक्क, म्हणजे जन्मतः मिळणारा. महाराष्ट्राने तो केंद्राच्या अकरा वर्षं आधी, १९९४च्या दुरुस्तीने दिला. पण २२ जून १९९४ला जिचं लग्न झालेलं होतं तिला वगळून. एकाच घरातली थोरली बहीण त्या उन्हाळ्यात लग्न होऊन गेली म्हणून बाहेर, धाकटीचं दिवाळीनंतर झालं म्हणून सहदायाद. हे वाक्य मी प्रकरणात घातलं आहे आणि काढणार नाही. कायद्यातल्या एका तारखेने काय होतं ते विद्यार्थ्याला यातून जितकं कळतं, तितकं चार पानांच्या विवेचनातून कळत नाही.

या वाटेवर पुणंही आहे. विधी आयोगाच्या १७४व्या अहवालाआधी १९९९मध्ये हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्कांवर इथे आयएलएस विधी महाविद्यालयाच्या सहकार्याने कार्यशाळा झाली होती. २०००चा तो अहवाल आणि २००५ची दुरुस्ती यांच्यामधला धागा जोडायचं काम अजून बाकी आहे.

सकाळी आठ

मेसमधले पोहे, डबा, ओळखपत्र, विभागप्रमुखांचं पत्र, तहसीलदारांच्या परवानगीची प्रत. स्वारगेटहून सासवडची बस. दिवे घाट चढताना वाचता येत नाही, म्हणून मुलाखतीचे प्रश्न मनात म्हणत जाते.

सकाळी दहा

तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. लोखंडी मांडण्या, कापडात बांधलेले गठ्ठे, गावाच्या नावाच्या चिठ्ठ्या. आता फेरफार संगणकावर होतात, सातबारा डिजिटल सहीने घरबसल्या मिळतो. पण माझा कालखंड मागे जातो आणि जुन्या नोंदवह्या इथेच आहेत. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, सहा-क म्हणजे वारस प्रकरणांची. आणखी मागे गेलं की अक्षर मोडी होतं. तिथे मी थांबते, कारण १९५६च्या अलीकडचंच मला हवं आहे.

नमुना निवडायची पद्धत आधी ठरलेली आहे. प्रत्येक निवडलेल्या गावाच्या वहीतली वारसाची दर पाचवी नोंद घ्यायची, मग ती कशीही निघो. पान उलटताना दुसऱ्याच नोंदी डोळ्यांना बोलावतात. शेजारच्याच नोंदीत पाच बहिणींची नावं एका ओळीत कमी झालेली दिसतात, आणि माझी पाचवी नोंद असते निपुत्रिक चुलत्याची, जिचा मला काही उपयोग नाही. तरी तीच घ्यायची. बोलक्या नोंदी वेचून काढल्या तर प्रबंध वाचायला छान होईल आणि त्याला किंमत शून्य राहील.

नोंदींची भाषा पिढ्यान् पिढ्या तीच. वर्दी अर्जावरून नोंद; खातेदार अमुक तारखेस मयत; वारस पत्नी एक, मुलगे दोन, मुली तीन; मुली विवाहित असून सासरी नांदत आहेत; त्यांनी हक्क सोडल्याचा जबाब दिला, सबब मुलांची नावे दाखल. खाली मंडल अधिकाऱ्याचा शेरा: नोटीस रुजू, हरकत नाही, नोंद प्रमाणित. आठ-दहा ओळींत तीन माणसं जमिनीच्या कागदावरून गेलेली असतात.

माझ्या तक्त्यात पाच रकाने आहेत. मुलीचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या जागी, आलं आणि टिकलं. नाव आलं, पण ‘इतर हक्क’ या रकान्यात. नाव जबाबावरून कमी झालं. नोंदणीकृत हक्कसोडपत्राने कमी झालं. आणि पाचवा, मुलींचा उल्लेखच नाही. मयताला मुली होत्या की नव्हत्या हेही वहीवरून कळत नाही. हा पाचवा रकाना भरताना मला सगळ्यात जास्त त्रास होतो. बाकी चौघींबद्दल निदान भांडता येतं.

‘इतर हक्क’ हा रकाना बाहेरच्याला निरुपद्रवी वाटेल. सातबाऱ्यावर तिथे बँकेचा बोजा असतो, विहिरीतला वाटा असतो, कुळाचा उल्लेख असतो, आणि त्यांच्या रांगेत मालकाची मुलगी. ती वारस आहे म्हणून नाव लावलं आणि मालक म्हणून मात्र लावलं नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ८ वाचलेल्या कुणालाही या रकान्याचं समर्थन करता येणार नाही. तरीही तो वर्षानुवर्षं भरला गेला, कारण कुणी हरकत घेतली नाही.

हरकतीचा मार्ग कायद्यात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते, वारसाने मिळालेला हक्क तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचा (कलम १४९). नोंदीची सूचना संबंधितांना द्यायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवायचे (कलम १५०). प्रमाणित नोंद खरी मानायची, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत (कलम १५७). आणि नोंदणी अधिनियम, १९०८चं कलम १७ म्हणतं, शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेतला हक्क दस्ताने सोडायचा तर तो नोंदवलाच पाहिजे. शंभर रुपयांत आज सासवडला शेताचा बांधसुद्धा येत नाही. मग तलाठ्यासमोरच्या कागदावर दिलेल्या जबाबाने एकरांचा हक्क कसा गेला? कायद्याच्या दृष्टीने गेलाच नाही. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालय सावर्णी विरुद्ध इंदर कौरपासून (१९९६) सांगत आलं आहे. म्हणजे या वह्यांमधून कमी झालेल्या कितीतरी बहिणी आजही कागदाबाहेरच्या मालक आहेत. त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. आणि मुदत कायद्याचा अनुच्छेद ११० म्हणतो, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून बारा वर्षांत दावा लावा.

दुपारी एक

कार्यालयाच्या व्हरांड्यात डबा. एक निवृत्तीला आलेले कर्मचारी रोज दोन शब्द बोलतात. आज म्हणाले, “मॅडम, तुम्ही आमच्यावर लिहिणार, लिहा. पण तलाठी भाऊसाहेबांपुढं बहिणी स्वतः येऊन सांगतात, आम्हाला नको म्हणून. त्यांनी काय म्हणायचं, घ्याच?” थोडं थांबून पुढे: “आता विमानतळाचं निघालंय ना, बघा, भूसंपादन आलं की सगळ्यांना बहिणी आठवतात. मोबदल्याला सह्या लागतात.”

दोन्ही गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या. पहिलीचं उत्तर माझ्याकडे आहे: नोंद करणाऱ्याने ‘घ्याच’ म्हणायचं नाही, नोंदणीकृत दस्त मागायचा आणि तो येईपर्यंत सगळ्या वारसांची नावं लावायची. पण ते उत्तर कायद्याचं आहे. बहीण स्वतः येते, हे त्यांचं म्हणणं मात्र खोटं नाही. माझ्या कामाचा अवघड भाग तिथून सुरू होतो.

दुपारी अडीच

सासवडपासून आतलं एक गाव; नाव लिहिणार नाही. सीताफळाची बाग, पलीकडे वाटाण्याचं रान. ओसरीवर बसलेल्या मावशी साठीच्या. मी संमतीपत्र वाचून दाखवते: नाव छापणार नाही, गाव छापणार नाही, कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायला नकार देता येईल, मध्येच उठता येईल. आवाज टिपून घेऊ का विचारलं तर म्हणाल्या, “नगं. तू लिही.”

वडील वारल्यावर त्यांनी आणि धाकट्या बहिणीने दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्र केलं, रीतसर, नोंदणीकृत. माझ्या चौथ्या रकान्यातल्या. भाऊ गाडी घेऊन आला होता, साक्षीदार होते, येताना दोघींना साडी घेतली.

“मावशी, कागद वाचून दाखवला होता का?”

“दाखवला की. मला ठावं व्हतं काय लिवलंय ते. मी काय अडाणी न्हाई.”

“मग का सोडलात?”

“अगं बाई, हिस्सा घेतला असता तर भाऊबीजेला कुणाच्या दारात उभी राह्यली असते?”

मला माहीत आहे की या उत्तराकडे पुस्तकी चष्म्यातून बघण्याचा मोह होतो. बाईला फसवलं, बाईला आपला हक्क कळला नाही. या बाईंना फसवलेलं नाही आणि त्यांना सगळं कळलेलं आहे. सासरी काही बिनसलं तर परतायला एक दार असावं, म्हणून त्यांनी जमीन देऊन माहेर ठेवलं. बीना अगरवाल यांनी १९९४मध्ये ‘अ फील्ड ऑफ वन्स ओन’मध्ये दक्षिण आशियातल्या बायकांच्या जमिनीच्या हक्कावर लिहिताना हा हिशेब गंभीरपणे घेतला, भाबडेपणा म्हणून बाजूला सारला नाही. ओसरीवर बसून ऐकताना त्या पुस्तकाची खरी ताकद मला कळते.

मग त्या आपणहून पुढे बोलल्या. “माझ्या नणंदांनीबी सोडलाच की आमच्या मालकांना. तवा मीच चहा केला व्हता समद्यांना.” हात झटकून म्हणाल्या, “इकडचं मी सोडलं, तिकडचं त्यांनी सोडलं. बरोबरीच झाली म्हन की.”

“आणि मावशी, तुमच्या नावावर काय आहे?”

“माझ्या नावावर? काय न्हाई. ह्ये घरबी न्हाई.”

मी लगेच काही विचारलं नाही. तिकडच्या बहिणींनी सोडलेली जमीन इकडच्या सुनेच्या घरात येते, पण तिच्या नावावर येत नाही. हक्कसोडपत्रावर हक्क सोडणाऱ्या सह्या बायकांच्या असतात आणि त्यातून होणारे सातबारे सगळे पुरुषांचे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्याला बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं, ते याच जागेवर बोट ठेवून. बहिणीच्या हक्काचा आणि बायकोच्या नावाचा प्रश्न आपण कायद्यात वेगळे शिकतो. एक उत्तराधिकारात, दुसरा जवळजवळ कुठेच नाही. या ओसरीवर ते एकाच बाईच्या आयुष्यात एकत्र होते.

तेवढ्यात मुलगा मोटारसायकलवरून आला, आणि विषय सीताफळाच्या भावावर गेला. मी वही मिटली. घरातला पुरुष आल्यावर मुलाखत पुढे रेटायची नाही, हे माझ्या कार्यपद्धतीच्या प्रकरणात लिहिलेलं आहे. आणि लिहिलेलं नसतं तरी तेच केलं असतं. त्या बाईंना मी गेल्यावर याच घरात राहायचं आहे.

संध्याकाळी सहा

विभागात माझ्या मार्गदर्शक मॅडमची भेट. त्यांच्या टेबलावर माझं तिसरं प्रकरण, समासात हिरव्या शाईच्या नोंदी. एलएल.बी.त आपण बाजू मांडायला शिकतो: निष्कर्ष अशिलाने दिलेला असतो, निकाल शोधून त्याला आधार द्यायचा. इथे बाजू घेऊन आलं तरी ती दाराबाहेर ठेवावी लागते. मॅडमचा एक प्रश्न प्रत्येक परिच्छेदाला असतो: “हे खोटं असेल तर तुला काय दिसलं असतं?” त्याचं उत्तर नसेल तर परिच्छेद मत आहे, संशोधन नाही.

आकडेवारीच्या पानावर त्यांनी एक खूण केली होती. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रियांचं प्रमाण १३.८७ टक्के, आधीच्या गणनेत १२.७९. मॅडम म्हणाल्या, हा आकडा वहितीचा आहे, मालकीचा नाही; जिथे वापरशील तिथे त्याच वाक्यात ते सांग. हा फरक महत्त्वाचा आहे. वहिती म्हणजे शेती कोण चालवतं. मालकी म्हणजे विकायचा, गहाण टाकायचा, नाही म्हणायचा अधिकार कुणाचा. हा आकडा ‘जमिनीच्या मालक स्त्रिया’ म्हणून फिरला की पुढचं सगळं अनुमान डळमळतं.

मग मी दुपारची मुलाखत सांगितली. मॅडमनी नीट ऐकली.

“माहेर राहावं म्हणून सोडला, असं त्या म्हणतात. किती जणींनी म्हटलंय?”

“बहुतेक सगळ्यांनी.”

“मग ते तपास ना. राहिलं का माहेर?”

मी गप्प राहिले, कारण हा प्रश्न माझ्या कुठल्याच प्रकरणात नव्हता, आणि वाचलेल्या पुस्तकांतही तो असा सरळ विचारलेला आठवेना. बहिणींनी सांगितलेलं कारण आपण एक तर खरं मानतो किंवा भ्रम मानतो. ते एक विधान आहे आणि विधान पडताळता येतं, हे त्या तीन शब्दांत होतं.

“आणि फक्त सोडलेल्यांना विचारून भागणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “घेतलेल्यांनाही विचार. त्यांचं तुटलं का, ते बघ.”

रात्री साडेआठ

मेसमधून आल्यावर आधी मुलाखतीची टिपणं नीट लिहून काढते. हे काम सकाळवर टाकायचं नाही; रात्रीत बोली निसटते आणि सकाळी कागदावर उरतं ते माझंच मराठी. मावशींना एक सांकेतिक क्रमांक. नाव असलेलं संमतीपत्र वेगळ्या पाकिटात.

त्यानंतर तळटिपा. भारतीय विधी संस्थेच्या संदर्भपद्धतीप्रमाणे स्वल्पविराम कुठे, कंस कुठे. दोन तास यात जातात. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फक्त एवढंच की वाचणाऱ्याला माझ्यावर विसंबून न राहता मूळ पानावर जाता यावं, एवढ्यासाठी ते करायचं. साम्य तपासणीचा अहवालही पाहिला. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं आणि कायद्याचा मजकूर त्यातून वगळलेला आहे. तरी कलम ६ जसंच्या तसं दिलेलं पान यंत्राने लाल केलंय. त्या पानाला एक टीप जोडली.

रात्री अकरा

प्रश्नावली उघडली. चौदाव्या प्रश्नात आतापर्यंत एवढंच होतं: हक्क का सोडला? त्याच्याखाली नवीन प्रश्न लिहिले आणि ते तीनदा बदलले, कारण ‘माहेर राहिलं का’ असं विचारलं तर कुठलीही बाई ‘हो’ म्हणेल. त्यामुळे घडलेलं विचारायचं, मत नाही. गेल्या दिवाळीला माहेरी गेलात का? आजारपणात किंवा बाळंतपणात माहेरहून कोण आलं? भाऊ की भावजय की कोणीच नाही? अडचणीला माहेरून पैसे मागितले का, मिळाले का? भाऊ वारल्यानंतर भाच्यांनी बोलावलं का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहीण भावाला जमीन देते, आणि जमीन पुढे जाते भाच्याकडे. त्याने काही कबूल केलेलं नसतं.

हेच प्रश्न, त्याच क्रमाने, हिस्सा घेतलेल्या बहिणींना. त्या मिळणं कठीण आहे. पण माझ्या तक्त्याचा पहिला रकाना, कब्जेदार सदरी नाव आलं आणि टिकलं, तो रिकामा नाही. त्या गावांची यादी काढली. ज्यांनी वाटपाचा दावा लावला त्यांची प्रकरणं सासवडच्या दिवाणी न्यायालयात असतील. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून तारखा पाहून घेतल्या. त्यांतल्या एका दाव्याची सुनावणी गुरुवारी आहे. वादी तीन बहिणी आहेत, प्रतिवादी दोन भाऊ. न्यायालय खुलं असतं. मागच्या बाकावर बसून ऐकायला परवानगी लागत नाही. मुलाखत मागायची ती मात्र निकाल लागेपर्यंत नाही, आणि लागल्यावरही आधी त्यांच्या वकिलांना विचारून.